थंड गाठ

फॉर्मलिनच्या डबीतून आली, वाटाण्याएवढी.
मी तिला मेणात बसवली, चकत्या कापल्या
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
आणि तपकिरी रंग चढवला.
तपकिरी ठिपका म्हणजे शिपाई, म्हणजे टी-पेशी.
मोजायला सांगितलंय. मोजते.
एक.
शेजारच्या चौकोनात शून्य.
पुढे दोन, रक्तवाहिनीला चिकटून,
चपला न काढता उंबऱ्यावरच थांबलेल्या पाहुण्यांसारखे.

कागदावरचं नाव आम्ही वाचत नाही.
वाचलं.
विल्फ डॉड्स.

हीटनच्या शाळेसमोरचा, पिवळ्या कोटातला,
लांब दांड्यावर गोल पाटी: थांबा.
एकोणीस वर्षं त्याच्यापुढे बस थांबल्या, दुधाच्या गाड्या,
एकदा तर नवरीची मोटार.
माझी मुक्ता त्याचा लोकरी हातमोजा धरून
रस्ता ओलांडायला शिकली.
मार्चमध्ये एका दुपारी त्याने पाटी उचलली
आणि तोंडातून आलं, "चमचा."
पोरं हसली.
दुसऱ्या दिवशीही चमचाच.

आता दुसरा रंग.
शिकत होते तेव्हा याची मला गंमत वाटायची:
गाठीच्या पेशी अंगावर एक पाटी धरतात,
शिपाई जवळ आला की दाखवतात, थांबा,
आणि तो थांबतो, शहाण्या मुलासारखा, पाय जुळवून.
त्याचं काही चुकत नाही.
पाटी खोटी नसते, शरीरानेच घडवलेली असते
आपलं आपणच खाऊ नये म्हणून.
हिने फक्त उचलली
आणि खाली केलीच नाही.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
इथलं कुंपण खात नाही, तणाला पाणी घालतं.
मेंदूतल्या राखणदार पेशी,
विल्फ जन्मायच्या आधीपासून तिथे वस्तीला,
त्यांच्या कानात हिने काय सांगितलं कोण जाणे.
गाठ म्हणून मी जे मोजते आहे
त्यातला बराचसा भाग त्यांचाच निघतो.

आणि बाकीची फौज?
रक्तात शोधा, थोडी. इथे, जवळजवळ नाही.
हाडांच्या मज्जेत कोंडलेली, धडधाकट,
दाराची कडी काढणारा हात तेवढा
प्रत्येकाने आपल्याच पोटात ओढून घेतलेला.
दरोडा कवटीत, शिपाई कमरेच्या हाडात.
सूज उतरावी म्हणून देतो त्या गोळ्या
उरल्यासुरल्यांनाही झोपवतात.
न देऊन चालत नाही, डोकं फुटतं.
ऑपरेशनआधी बेकरीत भेटला होता,
गाल फुगलेले, हातात तीन सॉसेज रोल,
चौथ्याकडे बोट.
बायको मोइरा पैसे मोजत होती.
माझं नाव त्याला आठवेना, कुणाचंच आठवत नव्हतं.
म्हणाला, "पेट."

इथे सगळ्यांनाच म्हणतात तसं,
लाडाने, बसमध्ये, पोस्टात, भाजीच्या दुकानात.
पहिल्या हिवाळ्यात मी दचकले होते.
आमच्याकडे हे चुलीला म्हणतात,
ओल्या काडीला, तिसऱ्यांदा ओढताना.

अशा गाठीला आम्ही थंड म्हणतो.
बोटाला थंड लागते असं नाही;
आत झटापट नाही, धूर नाही, म्हणून.
अहवालात तेच लिहिलं. आकडा लिहिला. सही.
बाहेर टाइनच्या पुलावर समुद्रपक्षी कोकलत होते,
चार वाजून गेले होते,
शाळा सुटली असेल.
पाटी आता कुणाच्या हातात असते, मी विचारलेलं नाही.

दिवा घालवण्याआधी पुन्हा डोळा लावला.
रक्तवाहिनीपाशी ते दोघे तसेच,
मेलेले, रंगवलेले, काचेखाली.
त्यांना सांगून काय उपयोग.
तरी भिंग फिरवताना तोंडातून गेलंच,
हळू, विल्फच्या हेलात:
पेट.
पेट रे.